शमशेरसाठीही रड

चि. सई,


'बाजीराव मस्तानी' पाहून खूप रडलीस, असं लिहिलंस. शेवट आहेच तसा. इकडे मस्तानी कैदेत, तिकडे नर्मदेकाठी तापाने फणफणलेला राऊ, म्हणजे बाजीराव, आणि दोघांचा श्वास एकदमच थांबतो. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' कादंबरीवरून भन्साळींनी २०१५ मध्ये हा चित्रपट केला आणि त्या प्रेमाची भव्यता जीव ओतून दाखवली.

मला मात्र ते प्रेम चित्रपटातल्या आरसेमहालापेक्षा घरच्या भांडणात जास्त दिसतं. १७२८ मध्ये पालखेडला निजामाची कोंडी करणारा, पुढच्याच वर्षी बुंदेलखंडात धावून जाऊन छत्रसालांना मोगल सरदार बंगशाच्या तडाख्यातून सोडवणारा हा पेशवा. पण छत्रसालांच्या लेकीला, मस्तानीला, स्वतःच्या वाड्यात मान मिळवून देणं त्याला जमलं नाही. १७४० च्या सुरुवातीला तो निजामाच्या मुलाशी, नासिरजंगाशी, झुंजत होता, आणि पुण्यात त्याच्याच भावाने आणि मुलाने मस्तानीला नजरकैदेत ठेवलं होतं. २८ एप्रिलला रावेरखेडीला तो गेला. चाळिशीही गाठली नव्हती. पाठोपाठ मस्तानीही गेली. पाबळला तिची कबर आहे.

चित्रपट इथे थांबतो. मागे राहिला त्यांचा लहानगा मुलगा, शमशेर बहादूर. बाजीरावाच्या पत्नी काशीबाईंनी त्याला आईच्या मायेने सांभाळलं, असं सांगतात. खरं असेल तर त्या बाईचं मोठेपण चित्रपटातल्या कुठल्याच पिंग्यात मावणार नाही. शमशेरला ब्राह्मणांच्या पंगतीत पान नव्हतं, रणांगणावर मात्र जागा होती. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर तो भाऊसाहेब आणि विश्वासरावांच्या बरोबरीने लढला, जबर जखमी झाला आणि सूरजमल जाटाच्या आश्रयाला जाऊन तिथेच वारला. पुढे त्याच्या मुलाने, अली बहादूरने, बुंदेलखंडात बांद्याची गादी उभी केली. १८५७ मध्ये त्या गादीचा नवाब इंग्रजांविरुद्ध उभा राहिला.

ज्या घराने आईला नाकारलं, त्याच घरासाठी मुलाने रक्त सांडलं. हे ऋण आपण अजून नीट मानलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून म्हणते, थोडं शमशेरसाठीही रड. प्रेम करणाऱ्यांना ती गेल्यावर डोक्यावर घेणं सोपं असतं. ती जिवंत असताना त्यांना आणि त्यांच्या लेकरांना आपल्या पंगतीत बसवणं, हीच खरी कसोटी. आपल्या घरात कधी अशी वेळ आली, तर तू त्यांच्या बाजूने उभी राहा. मी तुझ्यासोबत असेन.

तुझी,
आत्या