हमरस्त्यामागची गल्ली

कांदा, लसूण, बटाटा न घालता कच्च्या केळ्याचे कोफ्ते कसे करायचे, एवढंच तुम्ही मोबाईलला विचारलंय असं समजा. उत्तर मिळत नाही असं नाही. पण त्याआधी साबणाची जाहिरात येते, मग कर्जाची, मग 'तुम्ही कुठं आहात ते आम्हाला कळू द्या' अशी एक चौकट. ती बंद करायला जावं तर बोट भलतीकडं पडतं आणि साड्यांचं दुकानच उघडतं. खाली खाली जात कृतीपर्यंत पोचेतो कढईतलं तेल धुरावलेलं असतं.

आपल्यातल्या बऱ्याच जणींचं इंटरनेट म्हणजे व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि हा बाजार. बाजाराला मी नावं ठेवत नाही, तो लागतोच. पण गाव म्हणजे काही नुसता बाजार नव्हे. आमच्या बेळगावात खडेबाजारातून दोन पावलं आत वळलं की गल्ल्या लागतात. तिथं माणसं राहतात. कुणी दारात रांगोळी घातलेली असते, कुणी कट्ट्यावर गहू निवडत बसलेली असते. इंटरनेटलाही अशा गल्ल्या आहेत हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

ती वाट बेंगळुरूच्या भाचीनं दाखवली. "मावशी, हे तुझ्यासारख्यांसाठी आहे बघ," म्हणाली आणि 'मार्जिनालिया' हे शोधयंत्र उघडून दिलं. व्हिक्टर लव्हग्रेन नावाच्या स्वीडनमधल्या माणसानं २०२१ साली ते सुरू केलं. सुरुवातीला ते त्याच्या घरातल्याच कॉम्प्युटरवर चालायचं. ज्या पानांवर मजकूर जास्त आणि जाहिरातींचा गोंगाट कमी, ती पानं ते पुढं आणतं. बहुतेक सगळं इंग्रजीत. माझं इंग्रजी बी.ए.पुरतं, तेही इतकी वर्षं घडी घालून कपाटात ठेवलेलं. पण दुपारी दोन ते चार हा माझा हक्काचा वेळ, त्या वेळात ती घडी हळूहळू मोडत गेली.

काय काय सापडलं म्हणून सांगू! फिल गिफर्ड यांनी एक साइट केलीय. सॅम्युअल पीप्स हा सतराव्या शतकातला आरमाराच्या कचेरीतला अधिकारी. त्यानं १ जानेवारी १६६० पासून मे १६६९ अखेरपर्यंत रोजनिशी लिहिली. गिफर्डनी २००३ च्या १ जानेवारीपासून त्यातलं एकेक पान त्या त्या तारखेला लावायला सुरुवात केली. रोज एकच पान. खाली जगभरचे वाचक आपापली माहिती जोडतात: हा रस्ता कुठला, हे पक्वान्न कसलं, त्या दिवशी हवा कशी होती. जवळजवळ साडेनऊ वर्षांनी रोजनिशी संपली, तेव्हा त्यांनी ती पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केली. १६६६ मध्ये लंडनला मोठी आग लागली, तेव्हा या पीप्सनं बागेत खड्डा खणून आपलं चीज पुरून ठेवलं होतं. मी ते वाचलं आणि माणूस एकदम घरातला वाटला. संकटात आपणही असंच काहीतरी आधी उचलतो की नाही!

दुसरी साइट बार्सिलोनाच्या क्रिस डी डेकर यांची, 'लो-टेक मॅगझिन'. जुन्या, कमी खर्चाच्या, विसरलेल्या युक्त्यांवर ते लिहितात. भांडं उकळलं की विस्तवावरून उतरवून जाड वेढ्यात गुंडाळून ठेवायचं, आतल्या उष्णतेवर अन्न शिजतं, यावर त्यांचा सविस्तर लेख आहे. आमच्या आईची गोधडीत गुंडाळलेली खिचडी आठवली. २०१८ पासून या साइटची एक आवृत्ती त्यांच्या घराच्या गॅलरीतल्या सौर पॅनेलवर चालते. बॅटरीत किती वीज उरलीय ते पानावरच रंगानं दिसतं, आणि चार दिवस ढगाळ हवा असली तर साइट चक्क बंद पडते. ऊन पडलं की पुन्हा सुरू. बेळगावचा पाऊस पाहिलेल्या बाईला यात नवल वाटायचं कारण नाही. उलट कुणीतरी 'आज ऊन नाही, उद्या या' असं सरळ सांगतंय, याचंच बरं वाटलं.

या पानांना 'लाइक'ची हाव नाही. कोण आलं, कोण गेलं याची फारशी मोजदाद नाही. एका पानावर दुसऱ्याचा पत्ता दिलेला असतो, तिथून तिसऱ्याचा. पत्ता विचारत विचारत घर हुडकावं, तसं जायचं. आपल्याला जे मनापासून आवडलं ते नीट मांडून ठेवावं, कुणी आलं तर आनंद, नाही आलं तरी काम थांबत नाही. हे वाचताना मला राहून राहून बायकांच्या वह्या आठवत होत्या.

पण या घरांचं एक दुखणं आहे. पुष्कळदा जागा दुसऱ्याची असते. १९९४ मध्ये अमेरिकेत 'जिओसिटीज' नावाची सोय सुरू झाली. तिथं सामान्य माणसाला फुकट पान बांधता यायचं. त्या पानांचे मोहल्ले होते. साहित्य-तत्त्वज्ञानाचा मोहल्ला 'अथेन्स', घरसंसार, मुलंबाळं, पाळीव प्राण्यांचा 'हार्टलँड'. १९९९ मध्ये याहूनं ती कंपनी विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरमध्ये ही अमेरिकेतली सगळी वस्ती बंद केली. कुणी बाळाच्या जन्माची हकीगत लिहिलेली, कुणी गेलेल्या आईबद्दल. 'आर्काइव्ह टीम' म्हणवणाऱ्या हौशी लोकांनी शेवटच्या काही महिन्यांत जमेल तेवढी पानं उतरवून घेतली. उरली ती गेली.

आपल्याकडं काय वेगळं आहे? २००५ नंतरच्या काही वर्षांत मराठीत ब्लॉगांना बहर आला होता. युनिकोडमुळं देवनागरी लिहिणं सोपं झालेलं, आणि पुण्या-मुंबईपासून अमेरिकेपर्यंतच्या बायका स्वयंपाकावर, प्रवासावर, सासर-माहेरावर भरभरून लिहीत होत्या. मग फेसबुक आलं, व्हॉट्सॲप आलं, आणि एकेक घर ओस पडलं. असंच एक पान मला सापडलं. शेवटची नोंद माईनमुळ्याच्या लोणच्याची, खाली लिहिलंय, 'फोटो उद्या टाकते.' तो उद्या काही आलेला नाही. खाली एका वाचणारीनं विचारलंय, 'ताई, कुठं आहात?' त्यालाही उत्तर नाही.

माईनमुळा आमच्या घरात येत नाही, तरी मी ते पान पुन्हा पुन्हा उघडून पाहते. कारण माझ्या सासूबाईंची वही माझ्या कपाटात आहे. चिपट्या-मापट्याची मापं, पापडखाराचा अंदाज, मधेच बाळंतिणीचा लेप, दुधाचा हिशेब, आणि मराठी शब्द कन्नड अक्षरांत लिहिलेले, कारण शाळेत कन्नडच शिकल्या होत्या. माझ्या मुलांना ते शब्द कळतात, अक्षरं वाचता येत नाहीत. त्यांच्या मुलांना दोन्ही येणार नाहीत. आम्हा सीमेवरच्या बायकांची ही भाषा कुठल्या पुस्तकात मिळायची? ती अशा वह्यांत आहे आणि वह्यांना वाळवी लागते.

सॅन फ्रान्सिस्कोत 'इंटरनेट आर्काइव्ह' नावाची संस्था आहे. ब्रूस्टर काहल यांनी ती १९९६ मध्ये काढली. त्यांच्या 'वेबॅक मशीन'वर कुठल्याही पानाचा पत्ता लिहून एक बटण दाबलं की बहुतेक वेळा त्या पानाची नक्कल तिथं ठेवली जाते. पैसे लागत नाहीत. लोणच्याचं ते पान मी तसं ठेवलं. दर आठवड्याला अशी दोन-तीन पानं ठेवते. भाची हसते, म्हणते, "मावशी, तू रद्दी जमवतेस." जमवू दे की!

आता तिच्याच मदतीनं सासूबाईंच्या वहीचं पान बांधायला घेतलंय. एका बाजूला वहीचा फोटो, दुसऱ्या बाजूला देवनागरीत तोच मजकूर, खाली अवघड शब्दांचे अर्थ. फोटो भाची पाठवते, अक्षरं मी लावते. सव्वीस पानं झाली, अजून पुष्कळ आहेत. दोन शब्द मात्र मलाही लागत नाहीत. तुमच्याकडं अशी वही असेल, तुमच्या आक्कांना, काकूंना विचारता येत असेल, तर आजच विचारून ठेवा. विचारायला माणसं आहेत तोवरच.