अण्णांचा ओळंबा

परवा माळा आवरताना अण्णांचा ओळंबा सापडला आणि हातातलं काम तसंच राहिलं.

माझे वडील लातूरचे गवंडी. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा मी पाच वर्षांची. आत्या किल्लारीलाच दिलेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवदाचं ओझं. ते घर अण्णांनीच हौसेनं बांधून दिलेलं. आत्या त्यातच गेली.

तिच्या दोन्ही मुलांना अण्णांनी घरी आणलं. आम्ही पाच भावंडं झालो. त्यांची रविवारची सुट्टी तेव्हापासून बंद. शाळेची फी मात्र कुणाचीच थकली नाही.

"तेव्हा सगळे तशीच बांधायचे हो," आई म्हणायची. अण्णा नुसतं ऐकायचे.

माझ्या नांदेडच्या घराचं काम निघालं, तेव्हा दर आठवड्याला एसटीनं यायचे. आमचा मिस्त्री वैतागायचा! खिडक्यांच्या वर, चारी भिंतींना धरून ठेवणारा सळ्यांचा काँक्रीटचा पट्टा घातल्याशिवाय त्यांनी पुढची वीट लावू दिली नाही. ह्यांना म्हणाले, "जावईबापू, पैसे कमी पडले तर फरशी मागून करा. हे सोडू नका."

फरशी खरंच तीन वर्षांनी बसली. ती बघायला अण्णा नव्हते.