सौंसरची वाट आणि दाराचे कुलूप

भोपाळहून बैतूल, मुलताई करीत दक्षिणेकडे निघाले, की तापीचे उगमस्थान मागे पडते आणि सातपुड्याचा उतार लागतो. हळूहळू हिंदी पाट्यांच्या दुकानांतून मराठी बोलणे ऐकू येऊ लागते, रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग दिसतात आणि पांढुर्णा जवळ आल्याचे कोणी सांगावे लागत नाही. १९५६ पूर्वी हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि ही मराठी गावे इकडेच राहिली. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला.

सौंसर हे आमच्या आईचे माहेर. वयाच्या ७८ व्या वर्षी तिला ते एकदा डोळे भरून पाहावेसे वाटले. गुडघ्यांमुळे तिला फार वेळ बसवत नाही. म्हणून एका स्नेह्यांचा कॅम्पर ट्रेलर, म्हणजे जीपमागे जोडायची दोन चाकांवरची फिरती खोली, आम्ही मागून घेतला. दिवस मार्गशीर्षाचे होते. आंबिया बहार उतरत होता. आईने देवांचा डबा बरोबर घेतला. लग्नात माहेराहून मिळालेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण त्यात होते.

पांढुर्ण्यात जांब नदीचे पात्र पाहिले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पळसाच्या झाडावर झेंडा लावून येथेच पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. त्या दिवशी मात्र पात्रात केवळ कपडे धुणाऱ्या बायका होत्या. तासाभराने परतलो, तो ट्रेलरच्या दाराचा कोयंडा एका बाजूने उचकटलेला! कुलूप जागच्या जागी होते. चार स्क्रूंपैकी दोन गळून खाली पडले होते. कोणाची तरी चाहूल लागून चोर पळाला असावा. गेले काहीच नाही, पण आईच्या मनाने धास्ती घेतली. डबा मांडीवर घेऊन ती आत बसली ती बसलीच. सौंसरला पोहोचलो तरी म्हणे, “तुम्ही जाऊन या, मी राखण करते.” ज्या गावासाठी एवढा खटाटोप केला, ते गाव तिने खिडकीतून पाहायचे काय?

सौंसरच्या एका वेल्डिंगवाल्याने दार पाहिले आणि तो हसला. “आजी, कुलूप मजबूत आहे जी, पण चोराले कुलूप तोडाची गरजच काय?”

त्याचे म्हणणे खरे होते. आपण सारा भरवसा कुलपावर टाकतो. कुलपांचा इतिहासही मोठा रंजक आहे. लंडनच्या ब्रामा कंपनीने आपले कुलूप किल्लीवाचून उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस लावले होते. १८५१ च्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने अनेक दिवस खपून ते उघडले. मुंबईत आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला. परंतु वाटेवरच्या चोराला एवढा वेळ नसतो. तो दुबळी जागा शोधतो.

आमच्या दाराच्या दुबळ्या जागा त्याने बोटाने दाखविल्या. कोयंड्याचे बारीक स्क्रू पातळ पत्र्यात बसविलेले होते. त्याने ते काढून आरपार बोल्ट घातले, आतून रुंद लोखंडी पट्टी दिली आणि नट आतल्या बाजूला ठेवले. बिजागऱ्या बाहेर असल्याने त्यांच्या खिळी ठोकून दार उलट्या बाजूने निघाले असते. त्याने खिळींची टोके वेल्डिंग करून पक्की केली. कडी झाकलेले, लीव्हरचे जाड कुलूप बाजारातून आणविले. जीप सोडली, की ट्रेलर दुसऱ्याच्या गाडीला जोडून नेता येतो. म्हणून जोडणीच्या खटक्यालाही कुलूप घातले आणि चाकातून साखळी ओवली. एक गोष्ट त्याने बजावून सांगितली: आत माणूस असताना बाहेरून कुलूप घालू नये, आतली कडी किल्लीवाचून चटकन उघडली पाहिजे. शेगडी पेटती असेल तर चोरापेक्षा आग वाईट!

दुपारी तीनच्या सुमारास आईने स्वतः कुलूप लावले, दोनदा ओढून पाहिले, किल्ली कमरेच्या पिशवीत ठेवली आणि ती आमच्याबरोबर निघाली. जांबसावळीला पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीचे दर्शन घेतले. मग माहेरची गल्ली. घर केव्हाच विकले गेले होते आणि त्याच्या जागी दुमजली इमारत उभी होती. आई क्षणभर गप्प झाली. इतक्यात समोरच्या ओसरीवरील एक वृद्ध बाई तिच्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, “तू बाबांची धाकटी ना वो?”

मग काय विचारता! चहा झाला, संत्री सोलली गेली. २०१५ साली बंद झालेल्या छोट्या रेल्वेची आठवण निघाली. त्याच गाडीने आई नवरी होऊन गेली होती. दिवेलागण झाली तरी तिला उठवेना. ट्रेलरची आठवण अखेर मीच काढली. “अगं बाई, हो की!” म्हणत तिने कमरेची पिशवी चाचपली.

परतलो तेव्हा दार जसेच्या तसे होते. आईने डबा उघडून देवांपुढे दोन संत्री ठेवली आणि त्या रात्री ती आमच्याआधी झोपी गेली.