आटणाऱ्या डबक्याच्या बाजूने

साठलेलं पाणी टिकवायचं, या मतावर मी वाढलो. आटपाडीकडच्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. तळ्याचा तळ दिसू लागला की आमच्याकडे पोटात गोळा येतो. त्यामुळे ॲरिझोनात टूसॉनला राहायला आल्यावर जुलैच्या पावसाने भरणारी आणि बघता बघता कोरडी पडणारी रस्त्याकडेची डबकी पाहून मला फार हळहळ वाटे. जरा खोल खणा, तळाला शेततळ्यासारखा कागद अंथरा, मुक्या जिवांना वर्षभर पाणी मिळेल, असं मी इथल्या मित्रांना आग्रहाने सांगायचो. आता सांगत नाही. माझं मत बदललं ते स्पेडफूट बेडकांमुळे.

सोनोरन वाळवंटातला काउच स्पेडफूट वर्षातले आठ-दहा महिने जमिनीखाली काढतो. त्याच्या मागच्या दोन्ही पायांना आतल्या बाजूने काळी, टणक, विळ्यासारखी वाकडी धार असते. विजेरीच्या उजेडात मी त्याला माती उकरताना पाहिलं आहे. एकदा हा पाय, एकदा तो पाय बाजूला रेटत, अंग किंचित फिरवत तो मागच्या मागे खाली उतरतो. आधी पाठ दिसेनाशी होते, मग उभ्या बाहुल्यांचे ते मोठे डोळे. खाली माती सुकत जाते तसा तो अंगात युरिया साठवतो. त्यामुळे कोरड्या होत चाललेल्या मातीतूनही त्याला पाणी ओढता येतं. वर यायची खूण म्हणजे ओल नव्हे, तर गडगडाटाचा आणि कोसळत्या पावसाचा हादरा. म्हणूनच वाळवंटात उधळणाऱ्या मोटारसायकलींचा आवाज घातक. त्याने हे बेडूक भर कोरड्यात वर येऊ शकतात.

पाऊस पडला त्याच रात्री नर मेंढरासारखे ओरडू लागतात. रातोरात अंडी घातली जातात, दिवसाभरात फुटतात, आणि पाणी गरम असेल तर आठ-नऊ दिवसांत बेडूकमाशांना पाय फुटून ती नखाएवढी पिल्लं डबक्याबाहेर पडतात.

एवढी घाई परवडते, कारण त्या पाण्यात मासे नसतात. बुलफ्रॉगही नसतो. हा दांडगा बेडूक मूळचा अमेरिकेच्या पूर्वेकडचा, माणसांनी इकडे आणलेला, आणि तोंडात मावेल ते गिळणारा. त्याच्या पिल्लांना वाढायला कित्येक महिने लागतात, म्हणजे बारमाही पाणी हवं. मी सुचवत होतो ते शेततळं नेमकं त्याच्या सोयीचं झालं असतं.

तरीही मन पुरतं वळलं ते कॅरिन फेनिग यांचं संशोधन वाचल्यावर. ते २००७ साली ‘सायन्स’मध्ये आलं. ॲरिझोनाच्या आग्नेय भागात स्पेडफूटच्या दोन जाती एकाच डबक्यात जमतात. त्यांतल्या प्लेन्स स्पेडफूटची पिल्लं सावकाश वाढतात. डबकं खोल असेल तर तिची मादी आपल्याच जातीचा नर निवडते. उथळ, लवकर आटणारं असेल तर पुष्कळदा दुसऱ्या जातीचा, मेक्सिकन स्पेडफूटचा नर पत्करते. संकरित पिल्लं लवकर वाढतात, पाणी संपण्याआधी बाहेर पडतात. त्याची किंमतही मोठी आहे: संकरातले नर बहुधा वांझ निघतात, माद्यांना अंडी कमी होतात. म्हणजे डबकं किती दिवस टिकेल याचा हिशेब त्या मादीच्या निवडीतच आहे. आटणं ही त्या पाण्यातली खोट आहे, असं मला त्यानंतर म्हणवेना.

आटपाडीबद्दलचं माझं मत कायम आहे. तिथे पिकांना पाणी लागतं. बांध घातलेच पाहिजेत. इथेही खणण्याला माझा सरसकट विरोध नाही. गुरांसाठी खणलेली, मधूनमधून कोरडी पडणारी तळी स्पेडफूटना चालतात, तिथेही ते ओरडताना ऐकू येतात. विरोध आहे तो कागद अंथरण्याला, नळी लावून तळं बारमाही भरलेलं ठेवण्याला, आणि डासांच्या नावाखाली गप्पी मासे सोडण्याला. मासे बागेतल्या हौदात खुशाल सोडा. रस्त्याकडेच्या डबक्यात सोडायला कुणी निघालं, तर मी आता आडवा येतो.