भर दुपारचा कालवा

प्रवासाला निघताना ज्या ज्या संकटांची मी धास्ती घेतली होती, म्हणजे गुडघे, पाऊस, चोर आणि भाषा, त्यांपैकी एकही माझ्या वाट्याला आले नाही. आडवे आले ते फ्रेंच माणसाचे दुपारचे जेवण. फ्रेंच भाषेत 'मिदी' या एकाच शब्दाने दक्षिण दिशाही दाखवितात आणि दुपारचे बाराही, हे मी कोशात वाचले होते. परंतु तुलूझहून भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्या ज्या कालव्याच्या काठाने मला सायकल हाकावयाची होती, त्याच्या 'कनाल द्यु मिदी' या नावातच ही ताकीद दडलेली आहे, हे काही मला वेळीच उमगले नाही.

सेवानिवृत्त गृहस्थाने युरोपात जाऊन पाहावयाचे ते काय, तर कालवा, आणि तोही सायकलवरून, याचे घरात सर्वांनाच नवल वाटले. मी एकतीस वर्षे पाटबंधारे खात्यात काढली. नोकरीच्या ऐन उमेदीत नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून सायकलीने हिंडताना, पाटकऱ्यांची गाऱ्हाणी आणि बागाइतदारांचे अर्ज ऐकता ऐकता जेवढे पाणी माझ्या नजरेखालून गेले, तेवढे पुढे खात्याच्या जीपमधून कधी गेले नाही. तेव्हापासून कालवा हा सायकलवरूनच पाहावयाचा पदार्थ आहे असा माझा ग्रह झालेला आहे. शिवाय कालव्याला चढ नसतो. साठी उलटलेल्या माणसाने फ्रान्समध्ये सायकल चालवावी तर पाण्याच्या काठाने चालवावी. डोंगरातले घाट त्या देशाने शर्यतीवाल्यांसाठी राखून ठेवले आहेत.

तुलूझपासून पहिले पन्नास किलोमीटर डांबरी आहेत आणि इतके गुळगुळीत आहेत की त्यांविषयी लिहिण्यासारखे काहीच घडत नाही. चित्त प्रथम गुंतले ते नोरूझच्या उंचवट्याशी. समुद्रसपाटीपासून १८९ मीटर उंचीवरील हे स्थळ म्हणजे जलविभाजक: येथून पश्चिमेकडे उतरणारे पाणी अटलांटिकला जाते आणि पूर्वेकडचे भूमध्य समुद्राला. दोन समुद्र जोडणारा कालवा काढावयाचा तर त्याच्या माथ्यावर पाणी आणावयाचे कोठून, या एका प्रश्नावर जुन्या योजना अडून बसल्या होत्या. तो प्रश्न ज्याने सोडविला तो पिएर-पॉल रिके पेशाने स्थापत्यविशारद नव्हता, तो होता मिठावरील कराचा इजारदार. वसुलीच्या निमित्ताने मुलूख पायाखाली घातलेल्या या गृहस्थाने उत्तरेच्या काळ्या डोंगरातील ओढे सँ-फेरेओलच्या धरणात अडवून, पाटाने येथवर आणून दोन्ही बाजूंना सोडावे असे ठरविले, चौदाव्या लुईने १६६६ साली त्यासाठी फर्मान काढले, आणि पुढल्या चौदा-पंधरा वर्षांत, कामाच्या ऐन भरात बारा हजार माणसे राबवून, त्याने २४० किलोमीटरांचा कालवा जवळजवळ तडीस नेला. 'जवळजवळ' अशासाठी की १६८० च्या ऑक्टोबरात तो वारला आणि १६८१ च्या मे महिन्यात कालवा खुला झाला. स्वतःची दौलत ओतून वर कर्ज करून ठेवल्यामुळे त्याच्या वारसांना ते फेडता फेडता १७२४ साल उजाडले. हे सारे मी आदराने वाचले. परंतु मन हलले ते निराळ्याच एका बाबीने. रिके आपल्या मजुरांना पावसाच्या दिवसांची आणि आजारपणाचीही मजुरी देत असे. हजेरीपटावर रोजंदारीवाल्यांचे जे खाडे मी स्वतः लाल शाईने मांडले होते ते आठवून, नोरूझच्या त्या शांत झाडीत, कोणी पाहत नसताना, मी ओशाळलो.

कास्तेलनोदारी हे गाव कासुले नामक पक्वान्नासाठी प्रसिद्ध आहे. पांढरा घेवडा मातीच्या भांड्यात तासन्‌तास शिजवून त्यात बदक आणि डुक्कर घालतात. मी शाकाहारी असल्याने गावातून नाकाला रुमाल लावून पुढे निघालो, आणि इतक्या चांगल्या घेवड्याची ही दशा पाहून वाटेभर हळहळत राहिलो. डांबर केव्हाच संपले होते. काठावरच्या प्लेन वृक्षांची मुळे वाटेत जागोजाग फणा काढून बसली होती, आणि अशाच एका मुळावरून उतरताना माझ्या मागच्या चाकाने फुस्स करून प्राण सोडला. भाड्याच्या सायकलीबरोबर मिळालेल्या पिशवीत चिकटपट्ट्या होत्या, कानस होती, लोशनची नळी होती, पंप नव्हता. सायकल ढकलीत अर्धा तास चाललो तेव्हा एक जलपाश लागला, म्हणजे बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढविणारा-उतरविणारा दरवाजांचा हौद. त्याशेजारी दगडी घर, घराला टेकून ठेवलेली सायकल, आणि त्या सायकलीच्या दांडीला अडकविलेला पंप. घड्याळात बारा पस्तीस झाले होते.

जलपाशाचा रखवालदार वृक्षाखाली दगडी मेजाशी जेवावयास बसला होता. मी पंपाकडे बोट केले. त्याने काटा खाली न ठेवता भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले: साडेबारा ते दीड, बंद. मी पुन्हा पंपाकडे, त्याने पुन्हा पाटीकडे. वरच्या अंगाला एक जर्मन दांपत्य भाड्याची बोट दोराने धरून उभे होते. त्यांनी एकदा भोंगाही वाजवून पाहिला, पण त्याने मान वळविली नाही. सरकारी नोकराने जेवणाची वेळ इतक्या निष्ठेने पाळावी ह्याचे एरवी मी कौतुक केले असते. आमच्या दफ्तरात मात्र ताटावरून उठून कुलूप काढणारे कारकून मी पाहिलेले असल्यामुळे मला त्या वेळी फक्त संताप आला, आणि संताप आला की मी मोजमाप घेतो ही माझी जुनी खोड आहे.

म्हणून मी हौद पावलांनी मोजला. लांबी सुमारे तीस मीटर. दरवाजापाशी रुंदी साडेपाच-सहा, पण मध्यावर अकरा. भिंती सरळ नव्हत्या, दोन्हीकडे बाहेर फुगलेल्या होत्या. वहीत रेखाटू लागलो तेव्हा कारण उलगडले: मागच्या मातीचा दाब सरळ भिंतीला आत ढकलून देतो, तर कमानीसारखी आडवी पडलेली ही भिंत तोच दाब दोन टोकांना पोचविते. आरंभीची एक सरळ भिंत ढासळल्यावर रिकेने हा लंबगोल आकार घेतला, असे मी नोरूझला वाचले होते. आता ते बोटांना समजले. एवढ्यात वहीवर सावली पडली. रखवालदार तोंडातला घास चावीत मागे उभा होता. त्याने माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली, मी दरवाजा सरळ रेषेत काढला होता तो खोडला, आणि दोन्ही फळ्या पाण्याच्या रोखाने टोक करून एकमेकींवर टेकविल्या, जेणेकरून पाण्याचा जोर जितका अधिक तितका दरवाजा घट्ट मिटावा. असली चूक माझ्या हाताखालच्या ओव्हरसियरने केली असती तर मी त्याला धारेवर धरले असते. मी मान खाली घालून 'मेर्सी' म्हटले. मग स्वतःच्या छातीला हात लावून, बोटांनी एकतीस वर्षे मोजून, कालवा काढून, दरवाजा उचलून दाखविला. त्याने सत्तावीस बोटे दाखविली आणि मेजाजवळ दुसरी खुर्ची ओढली.

पावाला पॅरिसचे लोक 'पॅं' म्हणतात. हा दक्षिणेकडचा गडी त्याला स्वच्छ 'पेंग' म्हणत होता. जेवणानंतर येणाऱ्या वस्तूचे नाव ह्याने जेवणाला दिलेले पाहून मला हसू आले आणि ते समजावून सांगणे अशक्य असल्यामुळे अधिकच आले. पाव, बकरीच्या दुधाचे चीज, टोमॅटो आणि जांभळट रंगाचा एक मोठा कांदा असे जेवण होते. कांदा तो घडीच्या चाकूने, कागदाइतक्या पातळ चकत्या पाडीत, अत्यंत गंभीरपणे कापीत होता. ते मला पाहवेना. मी दुसरा कांदा उचलला, मेजावर उभा ठेवला, डाव्या तळव्याने क्षणभर झाकला, आणि उजव्या हाताच्या बुक्कीने फोडला. कांद्याच्या पाकळ्या झाल्या, डोळ्यांत पाणी आणणारा रस दगडावर सांडला, आणि मधला कोवळा गाभा मी त्याच्यापुढे केला.

त्याने चाकू मिटविला. तिसरा कांदा घेतला. पहिल्या बुक्कीला कांदा हलला नाही, दुसरीला त्याने फ्रेंच भाषेत काहीतरी म्हटले, आणि तिसरी अशी तिरपी बसली की अखंड कांदा मेजावरून उडाला, काठाच्या दगडावर एकदा आपटला आणि हौदात पडला. जर्मन बाई टाळ्या पिटू लागल्या. आम्ही दोघे काठाशी जाऊन पाहू लागलो तो कांदा तुडुंब भरलेल्या हौदात शांतपणे तरंगत होता.

बरोबर दीड वाजता तोंड पुसून त्याने पंप माझ्या हाती दिला आणि डोक्यावर टोपी ठेवली. लोखंडी चक्र छातीने रेटीत दरवाजा उघडताना पाहावयास मिळेल ही माझी आशा व्यर्थ ठरली. त्याने एका पेटीवरील कळ दाबली आणि विजेने दरवाजे उघडले. बोट आत आली, मागचे दरवाजे मिटले, पाणी उतरू लागले, आणि बोटीबरोबर कांदाही ओल्या भिंतीच्या कडेने खाली खाली गेला. खालचे दरवाजे उघडले तेव्हा बोट निघाली, आणि तिच्यामागच्या लाटेत डोलत तोही समुद्राच्या दिशेने बाहेर पडला. रखवालदाराने टोपीला हात लावून त्याला सलाम केला.

निघताना त्याने मला घरामागची बुंध्यांची रांग दाखविली. कालव्याकाठी ४२,००० प्लेन वृक्ष होते, बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेले; २००६ पासून त्यांना एक बुरशी लागली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती आली असे मानतात. मुळाला मूळ लागून आणि पाण्यावाटे ती पसरते, औषध नाही, म्हणून झाडे तोडून जाळतात. बुंध्यावर हात ठेवून तो बराच वेळ बोलला. मला त्यातला एकही शब्द कळला नाही आणि मी एकदाही मध्ये बोललो नाही. पुढे त्रेब गावाच्या आसपास ती सावली तोडलेली वाट मी उन्हातून तुडविली तेव्हा त्याच्या बोलण्याचा आशय माझ्या टाळूपर्यंत पोचला.

कार्कासोनचा किल्ला पाहिला. एकोणिसाव्या शतकात वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युकने तो इतका नीटनेटका दुरुस्त केला आहे की इतिहासाला आत शिरावयास फट राहिलेली नाही. ढासळलेल्या बुरुजांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला तो पटला नाही. पुढचे तीन दिवस द्राक्षमळे, वारा आणि पाठदुखी. बेझिएजवळ फोंसेरानच्या पायऱ्यापायऱ्यांच्या जलपाशांपाशी पोचलो तो दुपार, दरवाजे बंद, बोटींची रांग आणि प्रवाशांची कुरकुर. मी काठावर पाव सोडला आणि जेवून घेतले.

'तो' नावाच्या सरोवराच्या तोंडाशी, जेथे कालवा संपतो, तेथे एक लहानसा दीपस्तंभ आहे. त्याच्या पायथ्याशी बसून मी वही काढली आणि मधले जलपाश, बोटींची रोजची सरासरी, दुपारचा एक तास वजा, असा हिशेब मांडला. माझ्या अंदाजाने कांदा अद्याप कार्कासोनच्याही अलीकडेच होता.