जुनी बंदूक

जुन्या वस्तूंविषयी आम्हांस प्रथमपासूनच अनावर लोभ आहे. ज्याचे बालपण वसईच्या किल्ल्यात हुंदडण्यात गेले, त्यास तो नसता तरच नवल! चिमाजीआप्पांचे १७३९ सालचे सुरुंग आम्हांस परवाच उडाल्यासारखे वाटतात.

म्हणूनच काही वर्षांपूर्वी निवडणुकीच्या सकाळी मतदानकेंद्राच्या दारावरील शिपायाच्या खांद्यास थ्री-नॉट-थ्री दिसली, तेव्हा मत द्यावयाचे विसरून आम्ही तिच्याकडेच पाहत राहिलो. कॉलेजात असताना छात्रसेनेत हीच चार किलोंची बंदूक घेऊन आम्ही कवायत केली होती. पहिला बार काढला तेव्हा दस्त्याने असा दणका दिला, की दोन दिवस हात वर करवेना! पण त्या दुखण्याचाही आम्हांस अभिमानच वाटला होता.

"सर, ओळखलंत का?" शिपाई म्हणाला. आमचाच जुना विद्यार्थी! मग काय विचारता? आमचे व्याख्यान तेथेच सुरू झाले.

स्कॉटलंडात जन्मून कॅनडात वाढलेल्या जेम्स पॅरिस ली याने हिचा बोल्ट आणि गोळ्यांची पेटी योजिली. नळीच्या आतील आटे एन्फील्डच्या कारखान्याचे. दोहोंची नावे जोडून १८९५ साली ली-एन्फील्ड ब्रिटिश फौजेत दाखल झाली. नळीचा व्यास .३०३ इंच, त्यावरून हे लाडके नाव. बोल्ट अडकविणारे खुंट मागील बाजूस असल्याने तो फार ओढावा लागत नाही, आणि चाप चढतो तो बोल्ट पुढे लोटताना. जर्मनांच्या माउझरात गोळ्या पाच, हिच्यात दहा! कसलेला शिपाई मिनिटास पंधरा नेमके बार काढी. पुढे बंगालातील इशापुरासही ती घडू लागली. दोन्ही महायुद्धांत आपल्या पलटणी हिच्यानिशी लढल्या आणि १९६२ साली हिमालयातही आपल्या जवानांच्या हाती हीच होती.

"जुने ते सोने म्हणतात, ते हे!" आम्ही समारोप केला.

तो क्षणभर थांबला. मग हळूच म्हणाला, "सर, २००८ च्या त्या रात्री शिवाजी टर्मिनसवर आमच्यातल्या काहींच्या हाती हीच होती."

आम्ही निरुत्तर झालो. समोरच्यांच्या बंदुकांत तीस-तीस गोळ्या, एकामागून एक सुटणाऱ्या. इकडे प्रत्येक गोळीगणिक बोल्ट उचला, ओढा, लोटा, दाबा. तरीही काहींनी बार काढलेच. स्थानकात पन्नासांहून अधिक माणसे मेली.

दोष बंदुकीचा नव्हे. ज्या काळासाठी ती घडली, त्या काळात ती अव्वलच होती. दोष आहे तो आमच्यासारख्यांच्या हौसेचा. जुन्या वस्तूचे कौतुक आम्ही करावे आणि तिचे ओझे दुसऱ्याने वाहावे, हा कोठला न्याय? वसईच्या तटावर फिरंग्यांचाही असाच भरवसा होता. आप्पांनी त्याखाली सुरुंग लावले. लहानपणापासून त्या पडक्या भिंतींतून हिंडूनही हा धडा आम्हांस एका विद्यार्थ्याने शिकवावा!

मत देऊन आम्ही बाहेर आलो. बोटावरची शाई अजून ओली होती. तो उन्हात तसाच उभा होता.

"जप रे बाबा," एवढेच आमच्या तोंडून निघाले.