मोटरच्या पाठीमागचा स्क्रू

टेप रडायला लागला की गिऱ्हाईक येतंच म्हणत, ‘मोटर गेली बघा.’ बहुतेक वेळा पट्टा सैल झालेला असतो, नाहीतर पिंच रोलरचं रबर गुळगुळीत झालेलं. मोटर खरंच झिजली का, हे पट्टा काढून तिला एकटीच फिरवल्यावर कळतं. कम्युटेटरवर ब्रश घासून काळा भुगा साचला असेल तर ती मधेच अडते, टिचकी मारली की पुन्हा धावते. टिचकीवर चालणारी मोटर मी परत बसवत नाही.

पूर्वी भालकीहून हैदराबादला गेलं की कोटीच्या गुजराती गल्लीतून नवी आणायची. आता भंगारातल्या डेकमधून काढतो. व्होल्ट जुळले पाहिजेत, फिरण्याची दिशाही. जुनी पुली नव्या दांड्यावर चढवायची. पुलीचा व्यास बदलला की वेग बदलला.

इथवर काम पान्या-पकडीचं. पुढचं कानाचं. १९६३ साली फिलिप्सनं कॅसेट आणली. तिची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. मोटरच्या पाठीमागं छोटं भोक असतं, आतल्या स्क्रूनं तो वेग लावायचा. फीत ६ टक्के हळू सरकली, की पेटीच्या काळी एकमधलं गाणं पांढरी एकमध्ये उतरलंच.

हुमनाबादकडचे एक काका टेप घेऊन आले. मोटर बदलली, बाजारातल्या कॅसेटवर वेग लावला. मग त्यांनी पिशवीतून वडिलांची कॅसेट काढली. माणिकप्रभूंची पदं, एक मराठीत, पुढचं कन्नडात, याच टेपवर पेटीच्या साथीनं घरी भरलेली. आवाज पोरासारखा! ‘वेग जास्त लावलात की हो,’ काका म्हणाले. वेग बरोबर होता. भरतानाच जुनी मोटर थकलेली होती. हळू फितीवर भरलेला आवाज योग्य वेगात चढतो. तीच मोटर वाजवत होती तोवर दोष दोषाला झाकून होता. (अशा वेळी गिऱ्हाइकाशी वाद घालू नये, त्याच्या कानाचंही खरं असतं.)

वडिलांची पेटी घरी होती, ती आणवली. पदं काळी एकमधली, ती पट्टी दाबून धरली, पदातली पेटी तिच्याशी मिळेपर्यंत स्क्रू मागं घेतला. त्या वेगात पदं मोबाइलमध्ये उतरवली आणि स्क्रू परत योग्य वेगावर आणला.

घरी भरलेली कॅसेट असेल तर टेप दुरुस्तीला आणताना ती आधीच दाखवा, सोबत पेटीही आणा. पेटी नसेल तर तो आवाज ओळखणारं घरातलं वडीलधारं माणूस आणा.